बदलीला कायदा, मग भरतीला का नाही?

वनरक्षकांची रिक्त पदे भरण्यासाठी कायदा करा म्हटले की पहिला आक्षेप ठरलेला : भरती ही प्रशासनाची बाब, तिथे कायद्याचे काय काम? मग याच महाराष्ट्राने २००५ साली बदल्यांसाठी कायदा कसा केला? मर्जीचा कारभार आवरायचा तर मुदत घालावी लागते, हे तेव्हा विधिमंडळाला पटले होते. भरतीतही तीच मर्जी चालते. २०१९मध्ये वनरक्षकांच्या ९०० जागांची जाहिरात निघाली, त्यानंतर २०२३मध्ये एकदम २,१३८ जागांची. निवृत्त होणारे मात्र जाहिरातीसाठी थांबत नाहीत. रिकामे बीट, म्हणजे वनरक्षकाचे गस्तीचे क्षेत्र, शेजारच्या वनरक्षकाच्या गळ्यात पडते.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. ड्रोन आणि कॅमेरा ट्रॅप असताना माणसे कशाला? कॅमेरा चोरट्याचा फोटो काढेल. पीओआर (प्राथमिक गुन्हा अहवाल) फाडून वनगुन्हा नोंदवणार नाही, पंचनामा करणार नाही, उन्हाळ्याआधी जाळरेषाही साफ करणार नाही. व्याघ्रगणनासुद्धा पायीच सुरू होते. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबाच्या कोलारा भागात वाघांच्या खुणा नोंदवत निघालेली वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात ठार झाली. सोबत होते तीन वनमजूर.

तिसरा आक्षेप : ग्रामसभा जंगल राखतील. राखतातच, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने ते दाखवून दिले आहे. पण अभयारण्याच्या गाभ्यातली रात्रीची गस्त गावकऱ्यांवर ढकलून सरकारला हात झटकता येणार नाहीत.

मुळात कायद्याला हा विषय नवा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००६च्या दुरुस्तीने व्याघ्र संवर्धन आराखड्यात कर्मचाऱ्यांच्या नेमणुकीचा आराखडाही राज्यांवर बंधनकारक केला. पण तो व्याघ्र प्रकल्पांपुरता, आणि रिक्त पद किती दिवसांत भरायचे, हे तिथे सांगितलेले नाही. ती उणीव राज्याने भरून काढावी. राज्यघटनेच्या कलम ३०९ने विधिमंडळाला तो अधिकार दिलेला आहे.

चार तरतुदी पुरेत. पद रिक्त झाल्यापासून सहा महिन्यांत भरती. एका वनरक्षकाकडे आणखी एका बीटाचा कार्यभार तीन महिन्यांपलीकडे नको. वर्षानुवर्षे जंगल तुडवणाऱ्या वनमजुरांना भरतीत वयाची सवलत आणि अनुभवाचे गुण. आणि प्रत्येक हिवाळी अधिवेशनात परिक्षेत्रनिहाय रिक्त पदांची यादी सभागृहापुढे.

हे अधिवेशन नागपुरात भरते आणि राज्याचे सर्वाधिक जंगलही विदर्भातच आहे. तिथल्या आमदारांनी पक्ष बाजूला ठेवून हे विधेयक मांडावे. विरोध करणाऱ्यांनी बदल्यांचा कायदा चालतो आणि भरतीचा का चालत नाही, एवढेच सभागृहात सांगावे.