हुर्यो कुणाची उडवायची?

दर जानेवारीत आमच्याकडे एक वाद ठरलेला असतो. लेक-जावई बाल्टिमोरजवळ, मी इथे पुण्यात. रविवारी रात्री उशिरा (त्यांची दुपार) कॉम्प्युटरवर गप्पा चालू असतात, आणि त्यांच्या मागे टीव्हीवर अमेरिकन फुटबॉल. कुठल्यातरी संघाचा क्वार्टरबॅक त्या वर्षीच आलेला असतो. मग जावई म्हणतात, "आई, रूकी आहे हो. प्लेऑफमध्ये फुटणार." की इकडे माझा पारा चढलाच!

आता कुणी विचारेल, मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या, सत्तरी ओलांडलेल्या मास्तरीणबाईंना हेल्मेट घालून एकमेकांवर आदळणाऱ्या त्या धटिंगणांशी काय देणंघेणं? देणंघेणं आहे. चौतीस वर्षं मी पोरांना शिकवलं. नवख्या पोराच्या पहिल्या चुकीवर लोक कसे तुटून पडतात हे मी वर्गात पाहिलंय, स्टाफरूममध्ये पाहिलंय आणि आता टीव्हीवरही पाहते आहे. तेव्हा आज हा विषय एकदाचा लिहूनच काढते.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा सूत्रधार. प्रत्येक चालीआधी 40 सेकंदांचं घड्याळ चालू होतं. प्रशिक्षक हेल्मेटमधल्या रेडिओवरून त्याला चाल सांगतात. पण घड्याळात 15 सेकंद उरले की तो रेडिओ बंद पडतो. पुढे पोरगा एकटा. समोरच्या अकरा जणांपैकी कोण अंगावर येणार, कोण मागे हटणार, कोण नुसतं येण्याचं सोंग करतंय, हे त्याने ओळखायचं. चेंडू हातात आला की तो टाकायला जेमतेम तीन सेकंद मिळतात. शिवाय प्लेऑफमध्ये एक सामना हरला की वर्ष संपलं. सगळी बाद फेरी!

6 जानेवारी 2019 ला मी लेकीकडेच होते. बाल्टिमोर रेव्हन्स विरुद्ध लॉस एंजेलिस चार्जर्स. रेव्हन्सचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन. दुसऱ्या दिवशी त्याचा बाविसावा वाढदिवस होता. प्लेऑफच्या सामन्याची सुरुवात करणारा तो आजवरचा सगळ्यात लहान क्वार्टरबॅक. पोराला काही सुचेना. चेंडू हातून निसटत होता, टाकलेला प्रतिस्पर्ध्याच्या हातात जात होता, आणि तो स्वतः पुन्हा पुन्हा खाली आपटला जात होता. चौथ्या सत्रात 23-3 अशी अवस्था झाली. घरच्याच मैदानात घरच्याच लोकांनी त्याची हुर्यो उडवली. बाकावर बसला होता त्यांचा जुना क्वार्टरबॅक जो फ्लॅको. त्याला आणा म्हणून सगळ्यांची चुळबुळ चाललेली. आमच्या सोफ्यावरही तेच. नातू तेव्हा नऊ वर्षांचा होता. तो टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाला, "आजी, ही इज अ चोकर."

चोकर म्हणजे ऐन वेळी गळपटणारा, असं लेकीने सांगितलं. नऊ वर्षांच्या पोराच्या तोंडी हा शब्द आला कुठून? टीव्हीवरच्या सुटाबुटातल्या पंडितांकडून. माझं भांडण आहे ते या शब्दाशी.

कारण त्या दिवशी खरं काय झालं ते पाहा. हेच दोन संघ पंधरा दिवसांपूर्वी, 22 डिसेंबरला, भिडले होते आणि रेव्हन्स 22-10 ने जिंकले होते. क्वार्टरबॅक हाच लमार! मग पंधरा दिवसांत त्याच्या काळजातलं बळ कुठे पळून गेलं? कुठेच नाही. चार्जर्सनी पेपर बदलला. त्यांनी मागच्या फळीचे चपळ खेळाडू एकदम सात उतरवले, एरवी चार-पाच असतात. लमारच्या पळण्याला तोडीस तोड पळणारी माणसं. नियमित हंगामात अवघे सात सामने सुरुवातीपासून खेळलेल्या पोराला जो धडा कुणी शिकवलाच नव्हता, त्यावरचा प्रश्न पेपरात आला. याला धीर सुटणं म्हणत नाहीत. याला अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न म्हणतात. तो ओळखायची जबाबदारी आधी शिकवणाऱ्यांची आणि मग पोराची.

तेव्हाचे प्रशिक्षक जॉन हार्बॉ यांनी मात्र एक गोष्ट केली, ती मला मनापासून आवडली. लमारला बाहेर काढलं नाही. शेवटच्या सत्रात पोराने दोन टचडाऊन करून 23-17 पर्यंत आणलं आणि मग शेवटी चेंडू पुन्हा निसटला. हरला. पण पुढच्याच हंगामात, 2019 मध्ये, हाच 'चोकर' लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. पन्नासपैकी पन्नास मतं! त्याआधी असं एकमताने फक्त टॉम ब्रेडीला मिळालं होतं. हुर्यो उडवणाऱ्यांपैकी कुणी माफी मागितल्याचं ऐकिवात नाही.

यावर जावईबापूंचं उत्तर तयार असतं. "पण फ्लॅको बघा ना आई, तोही रूकी होता. तो नाही घाबरला."

बरं, फ्लॅको बघू. जानेवारी 2009, तोच संघ. मायामीत फ्लॅकोने 23 पैकी 9 चेंडू नीट पोचवले, पुढच्या आठवड्यात टेनेसीत 22 पैकी 11. शाळेत हा निकाल लागला असता तर मी पालकांना बोलावलं असतं. पण संघ दोन्ही सामने जिंकला! मायामीच्या क्वार्टरबॅकने रेव्हन्सच्या बचावफळीला चार चेंडू आंदण दिले. तो क्वार्टरबॅक काही रूकी नव्हता, चांगला मुरलेला होता. मग सगळे म्हणाले, फ्लॅको किती शांत, किती थंड डोक्याचा! पुढच्या सामन्यात पिट्सबर्गने त्याचे तीन चेंडू पळवले आणि संघ 23-14 ने हरला. मग त्या आठवड्यात डोकं गरम झालं होतं का? डोकं तेच होतं, समोरचा बचाव वेगळा होता.

दुसरं आवडतं उदाहरण बेन रॉथलिसबर्गरचं. 2004 चा रूकी, नियमित हंगामात तेरा सामने सुरू केले आणि तेराही जिंकले. पहिल्या प्लेऑफमध्ये न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध त्याचे दोन चेंडू पळवले गेले. एकावर तर थेट टचडाऊन झाला, आणि दुसरा पळवला गेला तो सामना बरोबरीत असताना, अगदी अखेरच्या मिनिटांत. जेट्सच्या किक मारणाऱ्याला दोन मिनिटांच्या आत जिंकायच्या दोन संधी मिळाल्या आणि त्याने दोन्ही घालवल्या. मग जादा वेळेत पिट्सबर्ग 20-17 ने जिंकलं. मला सांगा, त्या दोनपैकी एक किक खांबांमधून गेली असती तर? 'तेरा-शून्य, पण प्लेऑफमध्ये गळपटला' हे दुसऱ्या दिवशी छापून आलं असतं. पोराचं मनोबल दुसऱ्या माणसाच्या पायावर ठरवायचं, हा कुठला न्याय?

मग शेवटचं अस्त्र निघतं. "आजवर एकाही रूकी क्वार्टरबॅकने सुपर बोलची सुरुवात केलेली नाही. सहा जण उपांत्य सामन्यापर्यंत गेले, सहाही हरले." आकडा खरा आहे. पण गणिताच्या बाई सुद्धा सहा मुलांवरून सिद्धांत मांडत नाहीत. एकेक पाहू या.

शॉन किंग, 1999 चा हंगाम. 11-6 ने हरला. अखेरच्या मिनिटात त्याच्या सहकाऱ्याने घेतलेला झेल पंचांनी रद्द केला, आणि पुढे लीगला त्या नियमाचा अर्थच बदलावा लागला. रॉथलिसबर्गरचे तीन चेंडू पळवले, ते मान्य. फ्लॅकोचं वर आलंच. मार्क सँचेझ 2009 च्या हंगामात मध्यंतराला 17-13 ने पुढे होता. नंतर पेटन मॅनिंगने सामना फिरवला. ब्रॉक पर्डी, 2022 च्या ड्राफ्टमधला 262 वा, म्हणजे अगदी शेवटचा खेळाडू, सुरुवातीलाच कोपर दुखावून बसला. बदली खेळाडूही डोक्याला मार लागून बाहेर, म्हणून चेंडू लांब फेकताही येत नसताना याला परत उतरवलं. आणि जेडन डॅनियल्सच्या संघाने 2025 च्या जानेवारीत फिलाडेल्फियाला 55 गुण दिले. बचाव काही डॅनियल्स करत नव्हता! यात 'गळपटणं' नेमकं कुठे आहे, मला भिंग घेऊनही सापडत नाही.

आणि तो पेटन मॅनिंग? 1998 मध्ये रूकी असताना त्याचे 28 चेंडू पळवले गेले. आजही रूकींमधला तो विक्रम आहे. संघ सोळापैकी तेरा सामने हरला. त्यानंतर प्लेऑफमधले पहिले तीन सामनेही तो हरला. सुपर बोल जिंकला 2007 च्या फेब्रुवारीत, नवव्या हंगामात. पहिल्या तीन पराभवांवर त्याला चोकर ठरवणारेही होतेच की.

खरी गोम निराळीच आहे. ड्राफ्टमध्ये सगळ्यात आधी निवडायचा मान सगळ्यात वाईट संघाला. म्हणजे सगळ्यात हुशार पोरगा सगळ्यात मोडक्या घरात. 2002 मध्ये डेव्हिड कार नव्याकोऱ्या ह्यूस्टन संघात गेला आणि एका हंगामात 76 वेळा जमिनीवर आपटला गेला. त्यात पैशाचं गणित. 2010 मध्ये पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला 5 कोटी डॉलरची हमी मिळाली होती. 2011 च्या करारानंतर नवख्यांच्या पगारावर टाच आली. त्या वर्षीच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळून सुमारे 2 कोटी 20 लाख. झालं! स्वस्तातला क्वार्टरबॅक मिळतोय तोवर उरलेल्या पैशात बाकी संघ बांधा, आणि त्याला उद्याच उतरवा. पी हळद आणि हो गोरी. एरन रॉजर्स तीन वर्षं बाकावर बसून शिकला, पॅट्रिक महोम्स एक वर्ष. दोघांचं पुढे काय झालं ते त्या खेळातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मुरू द्यायला मात्र कुणाला वेळ नाही.

कुणी म्हणेल, "तयारी असलेली पोरं जिंकतातच ना? सी. जे. स्ट्राउड जिंकला की." जिंकला. 2024 च्या जानेवारीत 45-14 ने, प्लेऑफ जिंकणारा सगळ्यात तरुण क्वार्टरबॅक. त्याचं कौतुकच आहे. पण पुढच्याच आठवड्यात बाल्टिमोरमध्ये 34-10 ने हरला. सात दिवसांत माणूस शूराचा भित्रा होत नाही. "कोट्यवधी घेतात, मग दबाव सोसायला नको?" सोसायला हवाच. टीकाही करा. पण पाय चुकला तर पाय चुकला म्हणा, वाचन चुकलं तर वाचन चुकलं म्हणा. उत्तर चूक आहे असं वहीवर लिहावं, मुलगा नालायक आहे असं लिहू नये. एवढं साधं आहे.

हे मी एवढ्या पोटतिडकीने का लिहिते, तेही सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मला सहावीचा सगळ्यात वांड वर्ग दिला होता. नवीन माणसाला तोच देतात, तो आमचा ड्राफ्ट! तीन महिन्यांत तपासणी आली. साहेब मागे येऊन बसले आणि माझा आवाज बसला. फळ्यावर सन चुकला. शेऱ्यात लिहिलं गेलं, 'बाईंचा वर्गावर वचक नाही.' पाठ कसा घेतला, काय सुधारावं, एक अक्षर नाही. पुढची तेहतीस वर्षं मी शिकवलं, पण तो शेरा मला आजही जसाच्या तसा पाठ आहे. आणि खरं सांगायचं तर पुढे मीही दोन-चार पोरांच्या प्रगतिपुस्तकावर तसलेच शेरे मारले आहेत. त्यांनाही ते पाठ असतील. ती बोच काही जात नाही.

नातू आता सोळा वर्षांचा आहे. परवा त्याला विचारलं, "तुला आठवतं का रे, तू लमारला चोकर म्हणाला होतास?" तो म्हणाला, "मी? शक्यच नाही आजी. तो माझा फेव्हरिट आहे." म्हणजे हुर्यो उडवणारे विसरतात. ज्याची उडवली, तो विसरत नाही.

असो. जावईबापू हे वाचतीलच. पुढच्या जानेवारीत बघू कोण काय म्हणतं ते.