टाकी निघाली. माती तपासली का?

20 सप्टेंबर 2024 ला बुधवार पेठेत जमिनीनं आ वासला. सिटी पोस्टाच्या आवारात महापालिकेचा ड्रेनेज साफ करणारा ट्रक अख्खाच्या अख्खा भोकात गेला. ड्रायव्हर वाचला, म्हणून लोकांनी मजेत मोबाइलवर व्हिडिओ फिरवले. मग वाद सुरू. कुणी म्हणे खाली जुनी विहीर होती, कुणी म्हणे मेट्रोनं माती हलवली. आमचा सवाल साधा आहे. पेठेच्या पोटात काय काय पुरलंय, ते कुणाच्या वहीत आहे का?

विहीर निदान पाण्याची. शहरात पेट्रोल-डिझेलच्या टाक्याही पुरलेल्या असतात. पंपाच्या, गॅरेजच्या, कारखान्याच्या. पंप बंद पडतो, जागेला भाव येतो, बिल्डर येतो. टाकी भंगारात जाते, खड्डा बुजतो, वर मजले चढतात. आणि माती? मातीला कोण विचारतो!

लोखंडी टाकी ओल्या मातीत गंजते. पाइपाचा सांधा झिरपतो, तळ झिरपतो. रोजचं लिटर-दोन लिटर मालकाच्या हिशेबात ‘उडालं’ म्हणून खपतं. तेल मुरमातून खाली उतरतं आणि पाणी लागलं की पाण्यावर तरंगतं. पुण्याखाली काळा पत्थर आहे. त्याच्या भेगांतून ते कुणाच्या बोअरला जाऊन लागेल, वरून कळत नाही. पेट्रोलमधलं बेंझीन पाण्यात विरघळतं, आणि बेंझीननं रक्ताचा कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 10 मायक्रोग्रॅमची मर्यादा घातलीय. शिवाय 2000 सालापर्यंत आपल्याकडच्या पेट्रोलात शिसं मिसळत. पेट्रोल उडून जाईल, शिसं कुठं जाणार? मातीतच.

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात 1992 च्या एप्रिलमध्ये गंजलेल्या नळातून पेट्रोल गटारात उतरलं. वास येतोय म्हणून लोक बोंबलत होते. 22 तारखेला रस्त्यामागून रस्ते फाटले. दोनशेहून जास्त माणसं गेली. असल्या गटारात आपल्याकडे कोण उतरतं, त्याची जात कोणती, हे या अंकाच्या वाचकाला सांगायला नको.

गटारात मेला तर 2013 चा कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023 ला 30 लाख भरपाई ठरवली. ती हातात पडेपर्यंत विधवेच्या चपला झिजतात तो भाग वेगळा. पण तेलाच्या टाकीत गुदमरून मेला तर? त्या कायद्यात गटार आणि सेप्टिक टँक तेवढे लिहिलेत. तेलाची टाकी नाही. म्हणजे हा मेलेला त्या मोजणीतही नाही. मी गोदीत माल उतरवतो. बंद कप्प्यात शिरायच्या आधी आतली हवा तपासायची, हे आम्हाला पाठ असतं. शहरात ठेकेदार नाक्यावरून पोरं उचलतो, हातात दोर आणि बादली देतो, झालं.

ज्या मातीत तेल मुरलं ती जागा स्वस्त पडते. स्वस्त जागेत कुणाला नेऊन टाकतात? मुंबईत रिफायनऱ्यांच्या उशाला माहूल आहे. तिथं झोपड्या तोडलेल्यांना कोंबलं. सक्तीनं तिथं पाठवू नका, हे 2019 ला हायकोर्टाला सांगावं लागलं. 2020 ला हरित लवादानं तिथल्या हवेपायी चार कंपन्यांना मिळून 286 कोटी भरायला सांगितले. हवेचा निदान वास येतो. मातीचा गुन्हा मुका असतो.

जोतीरावांनी 1868 ला याच पुण्यात आपल्या घरचा हौद आमच्या बापजाद्यांना खुला केला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. पाण्याचा हक्क आम्ही असा मिळवलाय. त्या पाण्यात खालून कुणाचं तेल मिसळतंय हे विचारणं हा त्याच हक्काचा भाग आहे.

आणि आता विचारायला कायदाही आहे. जुलै 2025 ला केंद्रानं दूषित जागांचे नियम काढले. संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, राज्याच्या मंडळानं 90 दिवसांत प्राथमिक तपास करायचा, घाण करणाऱ्यानं खर्च सोसायचा. छान! पण त्या वेळी देशभरात 103 दूषित जागा सापडल्या होत्या, आणि सफाई सुरू झालेल्या फक्त 7. यादीत नाव घालणारा साहेब पेठेत उतरलाच नाही, तर यादी कोरीच राहणार.

तपासाला फार अक्कल लागत नाही, दानत लागते. टाकी निघताना तळाखालची आणि सांध्याखालची माती वेगवेगळ्या खोलीवरून काढा. चारी बाजूंनी बोअर मारा. पाणी बाटलीत भरा. प्रयोगशाळेत बेंझीन, शिसं, तेल मोजा. आकडे जागेवर फळा लावून लिहा, मग पाया घाला. वरच्या वर वास घेऊन ‘ठीक आहे’ म्हणणं हा तपास नव्हे, मिलीभगत आहे.

आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज टाकतोय. महापालिकेला, प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि टाक्यांचे परवाने देणाऱ्या नागपूरच्या स्फोटक खात्याला. पुण्याच्या पेठांत आजवर किती टाक्यांना परवाने दिले, किती बंद झाल्या, किती ठिकाणची माती तपासली? दहा रुपयांचं तिकीट, तीस दिवसांची मुदत. उत्तर आलं नाही तर अपील.

पण साहेबाच्या कपाटावर विसंबू नका. तुमच्या गल्लीत कुठं जुना पंप होता, गॅरेज होतं, डेपो होता, ते म्हाताऱ्यांना विचारा. आता तिथं काय उभं आहे तेही लिहा. कुठल्या बोअरच्या पाण्यावर तवंग येतो, कुठल्या तळघरात पेट्रोलचा वास मारतो, सगळं लिहून पाठवा. शुद्धलेखनाची काळजी नको. पुढच्या अंकात आलेली सगळी नावं गल्लीनिशी छापू.