विश्लेषण : लशीनंतर ताप का येतो? मुलांना काय सांगावे?

पाचव्या वर्षी ‘डीपीटी’च्या दुसऱ्या बूस्टरची वेळ येते, तेव्हा मूल प्रश्न विचारू लागलेले असते. ‘अजिबात दुखणार नाही’ ही थाप सुई टोचताच उघडी पडते. दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची ‘टीडी’ लस अजून बाकी असते. तेव्हा पालकांच्या शब्दावर मुलाने विश्वास कसा ठेवायचा?

ताप का येतो?
घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या जंतूंची ओळख ही लस शरीराला करून देते. मुलाला शाळेतील आगीच्या सरावाचे उदाहरण देता येईल. घंटा वाजते, धावपळ होते, पण आग नसते. ताप म्हणजे ती घंटा. मात्र ताप आला नाही, म्हणजे लस लागू पडली नाही असे नव्हे.

त्रास किती दिवस?
‘डीपीटी’नंतर दंड दुखणे, सूज, ताप हा त्रास बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतो. गोवर-रुबेला लशीत दुर्बल केलेले जिवंत विषाणू असतात. म्हणून त्यानंतरचा ताप किंवा पुरळ साधारण आठवडाभराने दिसू शकतो. पॅरासिटामॉल डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेल्या मात्रेतच द्यावे.

धोका कधी?
तीव्र ॲलर्जी अत्यंत दुर्मीळ, साधारण दहा लाख मात्रांमागे एखादी. ती बहुतेकदा काही मिनिटांतच दिसते, म्हणून केंद्रावर अर्धा तास थांबवतात. श्वास घ्यायला त्रास, झटके किंवा तीन तासांहून अधिक सततचे रडणे असल्यास लगेच डॉक्टर गाठावेत.

सुरक्षिततेची खात्री कशी?
लशीच्या बॅचची तपासणी कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेत होते. लसीकरणानंतरच्या गंभीर घटनांची नोंद आणि चौकशी होते. कारण लशीनंतर घडलेली प्रत्येक गोष्ट लशीमुळेच घडलेली नसते. लस न घेण्याचाही धोका असतो. 2022च्या अखेरीस गोवंडीसह मुंबईच्या काही भागांत गोवराच्या साथीने बालकांचे बळी घेतले.

मग सांगायचे काय?
‘टोचताना दुखेल, थोड्या वेळाने कमी होईल. कदाचित ताप येईल. मी तुझ्याजवळच आहे.’ एवढे पुरे. आणि ‘गप्प बस, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी घरातून कायमची हद्दपार करावी. सुई ही शिक्षा आहे असे मनात बसलेल्या मुलाला ती आपल्या भल्यासाठी आहे, हे पटणार कसे?