वैशाखांतील संगणक

वैनगंगेच्या कांठीं वसलेल्या पवनी येथील आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं गेल्या वैशाखांत घडलेली ही गोष्ट. त्यांच्या चिरंजीवांनीं पौषांत घरच्या संगणकाच्या प्रोसेसरचा वेग कारखान्यानें ठरविलेल्या मर्यादेपेक्षां शेंकडा १० नें वाढविला होता. या क्रियेस ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. हिवाळाभर यंत्रानें उत्तम काम दिलें. परंतु महाविद्यालयांत प्रकल्प सादर करावयाचा, नेमक्या त्याच आठवड्यांत तें भर दुपारीं मंदावूं लागलें, दोनदां तर आपोआप बंद पडलें, व वडिलांच्या हिशेबाची फाइल अर्धवट राहिली. वडील म्हणाले, यंत्र बिघडलें; चिरंजीव म्हणाले, मोठा पंखा आणावा. आमच्या मतें दोघांचेंही निदान चुकलें होतें.

प्रोसेसर म्हणजे अब्जावधि सूक्ष्म खटक्यांचा समूह होय. वेग वाढविला म्हणजे हे खटके दर सेकंदास अधिक वेळां उघडझांप करतात. आणि त्या घाईंत ते चुकूं नयेत म्हणून विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज, हाही वाढवावा लागतो. उष्णता वेगाच्या प्रमाणांत वाढतेच, परंतु दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांतही वाढते. दोन्ही शेंकडा १० नें वाढविल्यास १.१ × १.२१ असा गुणाकार होऊन उष्णता सुमारें १.३३ पट होते. लाभ एक दशांश, भार एक तृतीयांश! १०० वॅटचा प्रोसेसर १३३ वॅट उष्णता ओकूं लागतो.

ही उष्णता प्रोसेसरवरील पंखा हवेंत सोडतो. माठांतलें पाणी पाझरून त्याची वाफ होते, म्हणून तें हवेपेक्षां थंड होतें. कोरड्या पंख्यास ही किमया साधत नाहीं. पाणी खेळविणाऱ्या बंद नळ्या बसविल्या तरी नियम तोच. समजा, पंखा उत्तम असूनही प्रोसेसर दर वॅटमागें हवेपेक्षां ०.४ अंश अधिक तापतो. १३३ वॅटला हा फरक ५३ अंशांचा होतो. २२ अंशांच्या खोलींत प्रोसेसर ७५ अंशांवर राहील, तर आपल्या माडीवरील ४२ अंशांत तो ९५ वर जाईल. पुष्कळ प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या सुमारास स्वसंरक्षणार्थ आपला वेग आपणच उतरवितात. शिवाय थंडींत स्थिर असलेला वाढीव वेग तापल्यावर चुका करूं लागतो. विदर्भांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जाणें नवें नाहीं. परदेशी लेखकांनीं गृहीत धरलेली थंड खोली आपली नव्हे.

तेव्हां उपाय कोणते? होळीच्या सुमारास संगणकाची पेटी उघडून पंख्यांतील व धातूच्या पात्यांतील धूळ काढावी. झोताने धूळ उडवितांना पंखा बोटानें धरून ठेवावा. प्रोसेसर व पात्यांचा ठोकळा यांमधील थर्मल पेस्ट वाळली असल्यास जुनी पुसून वाटाण्याएवढी नवी लावावी. पेटी भिंतीस चिकटवूं नये. वाळ्याच्या कूलरनें कोरड्या दिवसांत खोलीचें उष्णतामान बरेंच उतरतें, मात्र त्याचा ओलसर झोत थेट पेटीवर घेऊं नये. तुषारांबरोबर पाण्यांतील क्षारही आंत जातात. वेग वाढवावयाचाच असेल तर एका वेळीं थोडा वाढवून, अर्धा तास जड काम देऊन, भर दुपारचें उष्णतामान टिपावें. आणि त्यापूर्वीं महत्त्वाच्या फायलींची प्रत अन्यत्र ठेवावी.

स्नेह्यांच्या घरीं आम्हीं नवा पंखा आणूं दिला नाहीं. धूळ काढली, व वेग आणि दाब दोन्ही मूळ ठिकाणीं आणून ठेवले. प्रकल्पाचें काम थोडें सावकाश, परंतु न थांबतां पुरें झालें. वडिलांस मात्र एक दिवसाचा हिशेब पुन्हां लिहावा लागला. चिरंजीवांनीं मार्गशीर्षांत पुन्हां वेग वाढवावयास आमची हरकत नाहीं. फक्त चैत्र लागतांच तो उतरवावा, आणि भिंतीवरील पंचांगाशेजारीं खोलीचें उष्णतामापकही टांगावें, एवढीच आमची सूचना आहे.