तिरळ्या डोळ्याला इंजेक्शन : भिऊ नका, पण वेळही दवडू नका

या आठवड्यात एकाच पत्राचं उत्तर जरा सविस्तर देते, कारण हा प्रश्न पुष्कळजणींचा आहे. पत्र लिहिणाऱ्या ताईंची मुलगी सव्वातीन वर्षांची. वर्षभरापासून तिचा उजवा डोळा नाकाकडे वळतो. सासूबाई म्हणतात, "थोडा तिरळा डोळा भाग्याचा! मोठी झाली की होईल सरळ." डॉक्टरांनी बोट्युलिनमच्या इंजेक्शनचं सुचवलं, तर यजमान म्हणाले, "अगं, ते तर विष!" आता ऐकायचं कुणाचं, असं ताई विचारतात.

आधी सासूबाईंचं बघू. त्यांचं अगदीच चूक नाही हं. पहिले तीन-चार महिने तान्ह्या बाळाची नजर स्थिर नसते, डोळे मधूनच इकडेतिकडे जातात. काही मुलांचं नाक वरच्या बाजूला बसकं असतं आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी असते. त्यांचे डोळे सरळ असूनही तिरळे भासतात, आणि नाक वर आलं की तो भास जातो. यावरूनच 'आपोआप सरळ होतो' हा समज पडला असावा. पण चार महिन्यांनंतरही डोळा वळत असेल, किंवा चांगला सरळ असलेला डोळा पुढे वळायला लागला असेल, तर वाट पाहू नये.

का, तर दोन डोळे दोन दिशांना बघू लागले की मेंदूकडे दोन वेगळी चित्रं जातात. लहान मुलाचा मेंदू मग वळलेल्या डोळ्याचं चित्र टाकून देतो. न वापरल्यानं त्या डोळ्याची नजर मंदावत जाते. यालाच आळशी डोळा म्हणतात. साधारण सात-आठ वर्षांपर्यंत ही नजर पुष्कळ सुधारता येते, पुढे ते कठीण होत जातं. पुढे लग्नाच्या वेळी कोण काय म्हणेल याची काळजी आपल्याकडे लगेच सुरू होते, पण खरी काळजी करायची ती या नजरेची.

घरी एक करून पाहा. मुलीला खेळात गुंतवून एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा तळहातानं झाका. एक डोळा झाकला की ती स्वस्थ खेळते आणि दुसरा झाकला की हात झटकून रडते, असं झालं तर उघडा राहिलेला डोळा नीट बघत नसण्याची शक्यता आहे. आणि फोटोत किंवा उजेडात बाहुलीमध्ये पांढरट चमक दिसली, तर मात्र एक दिवसही थांबू नका. क्वचित ते डोळ्यातल्या गाठीचं लक्षण असतं.

आता यजमानांची शंका. बोट्युलिनम हे विष आहे, आणि फार जहाल आहे, हे खरंच. नीट न टिकवलेल्या अन्नात वाढणारे जंतू ते तयार करतात. पण औषध म्हणून ते अत्यंत सूक्ष्म प्रमाणात, मोजून आणि फक्त एका स्नायूत देतात. मज्जातंतूकडून स्नायूला 'आवळ' असा जो निरोप जातो, तो ते काही काळ अडवतं. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉ. अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळेपणासाठीच ते प्रथम वापरलं. 1980 साली त्यांनी माणसांवरच्या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. 1989 मध्ये अमेरिकेत बारा वर्षांवरच्या रुग्णांसाठी त्याला मान्यता मिळाली. त्याहून लहान मुलांना तज्ज्ञ डॉक्टर स्वतःच्या निर्णयानं ते देतात. सुरकुत्यांसाठी म्हणून ज्याचा आज एवढा गवगवा आहे, ते बोटॉक्स हेच बरं का!

ते काम कसं करतं? प्रत्येक डोळा सहा स्नायूंनी फिरतो. डोळा नाकाकडे वळत असेल तर आतल्या बाजूच्या स्नायूत, बहुधा दोन्ही डोळ्यांच्या, इंजेक्शन देतात. लहान मुलांना त्यासाठी थोडा वेळ भूल द्यावी लागते. सुई बुबुळात जात नाही, टाका पडत नाही. दोन-तीन दिवसांत तो स्नायू सैल पडू लागतो आणि डोळा बाहेर सरकतो. कधी कधी तो जरा जास्तच बाहेर गेलेला दिसतो. घाबरू नका, ते अपेक्षितच असतं. औषधाचा अंमल दोन-तीन महिन्यांत उतरतो. तेवढ्या काळात बाहेरचा स्नायू थोडा आखडतो, आतला ताणला जातो, आणि डोळ्याला सरळ राहायची सवय लागते. दोन्ही डोळे एकत्र काम करू लागले, तर हा फायदा टिकतो.

तोटेही सांगते. काही मुलांची वरची पापणी काही आठवडे लोंबते. ती पुढे आपोआप वर येते, पण बाहुली झाकली जात असेल तर लगेच डॉक्टरांना दाखवा, नाही तर तोच डोळा आळशी व्हायचा! डोळा कधी वरखालीही होतो. एका इंजेक्शननं भागेलच असं नाही, दुसरं लागू शकतं. तिरळेपणा फार असेल तर शस्त्रक्रियाच जास्त भरवशाची. आणि इंजेक्शन घेतलं म्हणून शस्त्रक्रियेची वाट बंद होत नाही.

कित्येक मुलांना तर इंजेक्शनही लागत नाही. डोळ्याला प्लस नंबर असल्यानं डोळा वळत असेल तर नुसत्या चष्म्यानं तो सरळ होतो. म्हणून थेंब घालून नंबर तपासला आहे ना, हे आधी विचारा. सोबत हेही विचारून ठेवा : नजर किती मंद आहे, इंजेक्शनच का, शस्त्रक्रिया का नको, पुन्हा कधी दाखवायचं. मुलीला स्नायूंच्या अशक्तपणाचा आजार असेल किंवा कुठलंही औषध चालू असेल तर ते न विसरता सांगा. इंजेक्शननंतर डोळा फार लाल झाला, दुखू लागला, ताप आला, किंवा गिळायला वा श्वास घ्यायला त्रास झाला, तर तडक दवाखाना गाठा.

आणि एक महत्त्वाचं. इंजेक्शन डोळा सरळ करतं, मंदावलेली नजर आणत नाही. त्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावावी लागते, डॉक्टर सांगतील तितके तास. पट्टी चष्म्याच्या काचेवर न लावता कातडीवरच चिकटवा, म्हणजे मूल फटीतून बघत नाही. त्या वेळात तिला मोठे मणी ओवायला द्या, ताटातले राजमा आणि वाटाणे वेगळे करू द्या, चित्रं रंगवू द्या. पहिले आठ दिवस रडारड होईल. आजीला या कामात जरूर घ्या. गोष्ट सांगत पट्टी लावणं आजीइतकं कुणाला जमतं? एकदा नातीची नजर तिच्या हाती सोपवली, की पट्टीचा वेळ चुकणार नाही.

तेव्हा ताई, विषाच्या नावानं भिऊ नका आणि भाग्याच्या भरवशावर राहू नका. मुलांचा तिरळेपणा पाहणाऱ्या डोळ्यांच्या तज्ज्ञाकडे याच आठवड्यात जा, आणि जाताना यजमानांनाही सोबत न्या. त्यांच्या शंकांची उत्तरं त्यांनी स्वतःच विचारलेली बरी.