रोपांचा ट्रे पहिल्याच हंगामात का फाटतो? जाणून घ्या शीट तापवण्यामागचं गणित

देवळ्यासह नाशिक जिल्ह्यात टोमॅटो, मिरचीची रोपे कोकोपीट भरलेल्या प्लास्टिक ट्रेमध्ये वाढवली जातात. काही ट्रे अनेक हंगाम चालतात, तर काही पहिल्याच हंगामात तळाला फाटतात. असे का?

ट्रे कसा बनतो?
प्लास्टिकची सपाट शीट चौकटीत पकडून हीटरने तापवतात. पॉलिस्टायरीन साधारण १०० अंश सेल्सिअसला मऊ पडू लागते. आकार देण्यासाठी त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. मऊ शीट साच्यावर आली की खालून हवा ओढून घेतात आणि कप्पे तयार होतात.

गडबड कुठे होते?
प्लास्टिकमधून उष्णता हळू सरकते. घाई केली तर पृष्ठभाग तापतो, पण गाभा कडकच राहतो. कडांची उष्णता चौकट शोषून घेते. जिथे शीट जास्त तापते, तिथे ती जास्त ताणली जाते. १०४ कप्प्यांच्या ट्रेमध्ये तळ आणि कोपरे मुळातच पातळ असतात. उष्णता असमान असेल तर ते आणखी पातळ होतात.

घेताना काय पाहाल?
ट्रे उन्हासमोर धरा. काळ्या ट्रेच्या कोपऱ्यांतून उजेड दिसला, तर तो लवकर फाटणार. त्याच मापाच्या दोन ट्रेंचे वजनही करून पाहा.

शीटची मूळ जाडी सांगून शेतकऱ्याचे भागत नाही, कारण ट्रे फाटतो तो सर्वांत पातळ जागी. उत्पादकांनी तळाची किमान जाडी आणि प्लास्टिकचा प्रकार ट्रेवरच छापायला हवा. नाहीतर नव्या ट्रेचा खर्च शेतकऱ्याच्या माथी आणि फाटलेले प्लास्टिक बांधावर, हे ठरलेलेच.