विश्लेषण : गांजा खरेच 'साधा' असतो का? टीएचसी शरीरात नेमके काय करते?

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी कुपवाडमधून मेफेड्रोनचा साठा जप्त केला. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीत 'एमडी' तयार करणारा कारखानाच सापडला. तेव्हापासून सांगली जिल्ह्यात अमली पदार्थ म्हटले की चर्चा 'एमडी'चीच होते. उसाच्या फडात किंवा मक्याच्या आड लावलेली गांजाची झाडे पकडल्याच्या बातम्या सांगली-सातारा पट्ट्यात अधूनमधून येतात. पण 'गांजाच होता, एमडी नव्हे' असे म्हणून विषय संपतो. इस्लामपूरसारख्या, आसपासच्या गावांतून शेकडो मुले शिकायला येणाऱ्या शहरात हा समज महागात पडू शकतो.

टीएचसी म्हणजे काय?

गांजाच्या झाडात शंभराहून अधिक कॅनाबिनॉइड रसायने असतात. नशा आणणारे मुख्य रसायन म्हणजे टेट्राहायड्रोकॅनाबिनॉल, अर्थात टीएचसी. मादी झाडाच्या फुलोऱ्यावरील चिकट राळेत ते सर्वाधिक असते. हिरव्या झाडात ते बहुतांशी आम्लरूपात असते आणि त्या रूपात फारशी नशा येत नाही. उष्णता मिळाली की त्याचे टीएचसी बनते. इस्रायलमधील राफेल मेशुलाम आणि येखिएल गाओनी यांनी १९६४ मध्ये हे रसायन शुद्ध स्वरूपात वेगळे केले.

मेंदूत ते काय करते?

टीएचसी ज्या जागी जाऊन बसते, त्या 'सीबी-१' नावाच्या ग्राहींचा शोध १९८० च्या दशकाच्या अखेरीस लागला. या जागा शरीराने गांजासाठी खासच ठेवलेल्या नाहीत. तेथे बसणारे शरीराचे स्वतःचे एक रसायन १९९२ मध्ये सापडले आणि संशोधकांनी त्याला 'आनंद' या संस्कृत शब्दावरून 'आनंदामाइड' असे नाव दिले.

आनंदामाइडचे काम उसाला पाणी पाजणाऱ्यांना सहज कळेल. सरी भरली की टोकाचा माणूस 'बस्स' अशी हाक देतो आणि दारे धरणारा पाणी पुढच्या सरीत वळवतो. मेंदूत संदेश घेणारी पेशीही संदेश पाठवणाऱ्या पेशीला अशीच उलटी हाक देते. आनंदामाइड गरजेपुरते तयार होते आणि लगेच मोडून जाते. टीएचसी मात्र भरलेली सरी आणि कोरडी सरी असा भेद करत नाही. सगळ्याच सऱ्यांतून एकदम, तासन् तास 'बस्स' ऐकू येत राहिले तर शेताचे जे होईल, तेच मेंदूत होते.

परिणाम कोणता दिसणार, हे ग्राही कोठे आहेत यावर ठरते. स्मृतीच्या केंद्रात गोंधळ झाला की बोलता बोलता वाक्याची सुरुवात विसरते. लहान मेंदूत झाला की तोल आणि हातापायांचा मेळ बिघडतो. काळ लांबल्यासारखा वाटतो, तोंड कोरडे पडते, भूक खवळते. रक्तवाहिन्या फैलावल्याने डोळे लाल होतात आणि एकदम उभे राहिल्यास चक्कर येते. हृदयाचे ठोके मिनिटाला २० ते ५० नी वाढू शकतात. तरुणाला ते जाणवतही नाही, पण हृदयविकार असलेल्याला झेपेलच असे नाही. मात्रा वाढली की मौज ओसरून भीती, संशय, छातीत धडधड सुरू होते.

श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठात हे ग्राही फारच कमी असतात. त्यामुळे हेरॉइनप्रमाणे श्वास थांबून मृत्यू सहसा येत नाही. 'गांजाने कोणी मरत नाही' या वाक्यात तथ्य आहे ते एवढेच. पेठ नाक्यावरून महामार्गाला लागणाऱ्या दुचाकीस्वाराचा तोल आणि अंतराचा अंदाज गेलेला असेल, तर त्याला वाचवायला हे तथ्य उपयोगी नाही.

चिलीम आणि भांग यांत फरक काय?

धुरातून टीएचसी काही मिनिटांत मेंदूत पोहोचते. अंमल दोन-चार तासांत उतरतो. पोटातून गेल्यास अंमल चढायला अर्ध्या तासापासून दोन तास लागतात. शिवाय यकृत त्याचे आणखी जोरकस रसायनात रूपांतर करते. अंमल सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त टिकतो. शिवरात्रीला किंवा होळीला भांग प्यायलेल्यांची फजिती होते ती येथेच. पहिला पेला 'लागला नाही' म्हणून दुसरा घेतला जातो आणि तासाभराने दोन्ही एकदम चढतात. भांग सौम्य असते, कारण ती पानांची असते. पण पोटातून घेतल्याने नशेचा अंदाज अधिक चुकतो.

टीएचसी चरबीत साठते. एकदाच ओढणाऱ्याच्या लघवीत त्याचे अवशेष काही दिवस, तर रोज ओढणाऱ्याच्या लघवीत महिनाभरही सापडू शकतात. म्हणून चाचणी 'पॉझिटिव्ह' येणे म्हणजे तो माणूस त्या क्षणी नशेत होता, असे नव्हे.

मुलांच्या बाबतीत धोका वेगळा का?

मेंदूची जडणघडण साधारण पंचविशीपर्यंत चालते आणि पेशींची जोडणी नीट बसवण्यात याच 'बस्स' यंत्रणेचा वाटा असतो. सोळाव्या वर्षी रोज त्यात ढवळाढवळ करणे आणि चाळिशीत क्वचित चिलीम ओढणे, यांची तुलना होत नाही. गांजा घेणाऱ्यांपैकी सुमारे ९ टक्क्यांना त्याचे व्यसन जडते. किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांत हे प्रमाण १७ टक्क्यांच्या आसपास जाते.

सर्वात गंभीर प्रश्न मनोविकाराचा. भास होणे, कोणी मागावर आहे असे वाटणे, ही लक्षणे गांजाने तात्पुरती येऊ शकतात. युरोप आणि ब्राझीलमधील केंद्रांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १० टक्क्यांहून अधिक टीएचसी असलेला गांजा रोज घेणाऱ्यांत अशा मनोविकाराची शक्यता न घेणाऱ्यांच्या जवळपास पाचपट आढळली. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया असेल तर धोका आणखी वाढतो. अर्थात ओढणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही. पण कोणाला होणार, हे आधी सांगणारी चाचणी नाही.

कायदा काय म्हणतो?

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. नुसती पाने आणि बिया त्यात येत नाहीत. भांग वाचते ती या व्याख्येमुळे. एक किलोपर्यंतचा साठा 'अल्प', २० किलोंहून अधिक 'व्यावसायिक'; त्याला किमान १० वर्षे सक्तमजुरी. लागवडीला मात्र वजनाची अट नाही. उसात चार झाडे लावली तरी १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

सुटका होते का?

होते. गांजा सोडल्यावर एक-दोन दिवसांत चिडचिड, झोप उडणे, भूक मरणे सुरू होते. पहिल्या आठवड्यात त्रास सर्वाधिक असतो आणि बहुतेकांचा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. घरच्यांना याची कल्पना नसते आणि 'सोडल्यावर पोरगा जास्तच बिघडला' असे वाटून ते घाबरतात. केंद्र सरकारच्या २०१९ मधील सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ३ कोटी १० लाख लोक भांग-गांजा घेतात आणि त्यांपैकी सुमारे ७२ लाखांना उपचारांची गरज आहे. १४४४६ या राष्ट्रीय मदतवाहिनीवर सल्ला मोफत मिळतो. पोलिसांच्या भीतीने अनेक पालक पुढे येत नाहीत. प्रत्यक्षात कायद्याच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प साठ्याचा आरोप असलेली व्यसनाधीन व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचारांसाठी गेल्यास तिच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेता येते.